कुत्र्यांचं ट्रेनिंग शिकतेय, पण ज्या घरचा कुत्रा आता मरणार आहे तिथे बोलायचं काय?

टाचणी (ठाणे)
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी ऑटिस्टिक आहे. निदान मोठेपणी झालं. त्यावर इथे चर्चा नकोय. "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो" असं लिहायचं असेल तर कृपया मनातल्या मनात लिहा. दिवसा घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि गेल्या वर्षापासून शनिवार-रविवार घोडबंदर रोडच्या एका ट्रेनरच्या हाताखाली शिकतेय. कुत्र्यांचा भाग जमतो. दुसरा कुत्रा किती अंतरावर दिसला की हा ताठ होतो, कान कधी मागे जातात, खाणं घ्यायचं कधी बंद करतो, सगळ्याची एक्सेल शीट आहे माझ्याकडे.

प्रश्न दोन आहेत.

पहिला, पुढचं शिक्षण. बॅचमध्ये आठ-दहा कुत्री, त्यांची माणसं, शिट्ट्या, भुंकणं, तासाभरात माझं डोकं बंद पडतं. कोणी वेगळ्या पद्धतीने शिकलंय का?

दुसरा जास्त तातडीचा. पाचपाखाडीला एक काकू आहेत, त्यांची लॅब्राडोर चौदाची आहे, दोन्ही किडन्या गेल्यात, गेले कित्येक महिने घरीच कातडीखाली सलाईन देतायत. आता डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊन सोडवू या तिला. येत्या शनिवारी घरीच करायचं ठरलंय आणि काकूंनी मला यायला सांगितलंय, कारण नखं कापताना हातावर हनुवटी टेकवून थांबायला मी तिला शिकवलं होतं आणि ती माझ्याजवळ शांत राहते. मला जायचंय. पण काकू रडणार, पुण्याहून मुलगी येणार, शेजारी येणार, आणि अशा वेळी लोक जी वाक्यं बोलतात ती माझ्या तोंडून येत नाहीत. ट्रेनर सर म्हणतात म्हातारी कुत्री असलेले क्लायंट पुढे तुलाच देणार. म्हणजे हे परत परत होणार.

नक्की काय बोलायचं, काय करायचं, होईल तेवढं ठरलेल्या शब्दांत सांगा. "मनापासून वाग" या उत्तराचा मला उपयोग होत नाही.

घोडबंदरकर
स्वागत! ती एक्सेल शीट शेअर करा की. आमच्या बीगलची नोंद मी तोंडी देतो: चप्पल, रिमोट, चप्पल, बायकोच्या चष्म्याची दांडी, चप्पल.

(दुसऱ्या प्रश्नावर जाणकार बोलतील. मी स्वतः अशा वेळी चहा करायला स्वयंपाकघरात पळतो.)

मी_मांजरवाली (बेलापूर)
टाचणी, काय बोलू नये ते मी सांगते, कारण माझा बोका गेला तेव्हा सगळं ऐकून झालंय. "सुटला बिचारा." "अगं मांजरच होतं ना." "दुसरं पिल्लू आण, विसरशील." "चांगल्या घरी जन्म घेईल बघ आता", का, आमचं घर काय वाईट होतं? आणि एका मावशींनी तर फोनवर "बरं झालं, आता तुम्हाला फिरायला जाता येईल" असं सांगितलं. ऑफिसात मी "घरातलं माणूस गेलं" सांगून दोन दिवस रजा काढली, त्यावर मॅनेजरने विचारलं कोण, मी म्हटलं भाऊ. आता ऑफिसच्या लेखी मला भाऊ नाही.

तुला ही वाक्यं येत नाहीत म्हणतेस ना, उत्तम आहे. येऊच देऊ नकोस.

बोलायचंच असेल तर त्या जनावराबद्दल बोल. मला एकाच माणसाचं बोलणं आठवतंय, आमचा दूधवाला. तो म्हणाला, "ताई, तो रोज पिशवी वाजली की दाराच्या फटीतून पंजा काढायचा." बास, एवढंच. मी अर्धा तास रडले पण त्या रडण्याने बरं वाटलं.

घोडबंदरकर
@मांजरवाली, तुमच्या भावाच्या आत्म्यास शांती लाभो. (गंमत करतोय, हलकेच घ्या)

सदाशिव_उलट
आता रडणाऱ्या माणसाशेजारी बसायलाही मार्गदर्शन लागतं का? आमच्या गावी कुत्रा गेला की वडील खड्डा खणायचे, वर दगड ठेवायचे आणि संध्याकाळी कोणी जेवायचं नाही. झालं. हे सगळं शहरातलं फॅड आहे. ट्रेनिंगचंही तसंच, खाऊ देऊन लाडावलेली कुत्री माणसाच्या डोक्यावर बसतात. मालक कोण ते एकदा दाखवावंच लागतं. अल्फा, म्हणजे कळपाचा राजा.

कोपरीचा_बाळू
संध्याकाळी कोणी जेवायचं नाही म्हणजे शोकच की हो काका. फॅड काय त्यात.

खग_खारघरी
मीही ऑटिस्टिक, पुरुष, चाळिशीपुढचा. विरोधी मत नोंदवतो. ऑटिस्टिक माणसांचं आणि प्राण्यांचं काहीतरी जादूचं नातं असतं हा फिल्मी समज आहे. मला कुत्रे झेपत नाहीत. अचानक भुंकतात, ओलं नाक लावतात, आणि आमच्या खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये सकाळी लोक पट्टा सोडतात तेव्हा मी फुटपाथ बदलतो. टेंपल ग्रँडिन यांनी गुराढोरांच्या वागण्यावर केलेलं काम मोठं आहेच, पण त्या ऑटिस्टिक आहेत म्हणून आपण सगळे तसेच असं होत नाही.

हे बोलून झाल्यावर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मला अशा ठिकाणी आधी माहिती लागते: कोण कुठे बसणार, किती वेळ लागणार, कसला आवाज होणार, आणि मी निघायचं कधी. यातलं बरंचसं फोनवर विचारता येतं. काकूंनाच विचार. त्यांना विचित्र वाटेल असं तुला वाटत असेल, पण बहुतेक वेळा समोरच्याला बरं वाटतं, कारण त्यांनीही या गोष्टी ठरवलेल्या नसतात.

डॉ_शेपटीवाले (नेरूळ)
मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे. @खग म्हणतात तशी माहिती मी देतो, काकूंच्या डॉक्टरांची पद्धत थोडी वेगळी असू शकते, त्यांनाही विचारून घ्या.

आधी झोपेचं इंजेक्शन, बहुतेक वेळा मांडीच्या स्नायूत. पाच ते पंधरा मिनिटांत मान जड होते. कधीकधी त्यात उलटी होते, म्हणून जवळ जुना टॉवेल ठेवा. मग पुढच्या पायाला सुई लावायची, तिथले केस मशीनने काढावे लागतात, त्या मशीनची घरघर होते (तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल तर त्या वेळी बाहेर जा, कोणी काही म्हणत नाही). मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून. मी त्याआधी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावून बघतो, पापणी हलली नाही की मगच देतो. हा शेवटचा भाग एक-दोन मिनिटांचा असतो. नंतर स्टेथोस्कोपने तपासून सांगतो.

आता जे लोकांना आधी कोणी सांगत नाही आणि मग ते हादरतात: डोळे उघडेच राहतात. लघवी, शी होऊ शकते. हृदय थांबल्यावरही एक-दोन मोठे श्वास घेतल्यासारखं दिसू शकतं, कातडी थरथरते. तेव्हा ती जिवंत नसते, तिला काही कळत नसतं. हे आधी माहीत असलेलं एक माणूस खोलीत असेल तर आम्हा डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

देह काही तासांत ताठरतो, त्यामुळे पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजवा, खाली प्लास्टिक आणि चादर, एसी चालू. दहनाचं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. परळच्या बैलघोडा (जनावरांच्या) हॉस्पिटलात सोय आहे, मालाडला बीएमसीची गॅसवरची २०२३ पासून आहे. ठाण्यात तुमच्या डॉक्टरांना जवळचं ठाऊक असेल. कोणते कागद लागतात ते फोनवरच विचारा, रडत्या माणसाला आधार कार्ड शोधायला लावू नका.

टाचणी
@डॉ_शेपटीवाले, खूप खूप आभार. प्रिंट काढली. हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. एक प्रश्न: ते श्वास घेतल्यासारखं होतं हे काकूंना मी आधी सांगू, की झाल्यावर?

डॉ_शेपटीवाले (नेरूळ)
आधी. पण त्यांना ऐकायचंय का ते विचारून. "शेवटी काय काय दिसतं ते डॉक्टरांनी सांगितलंय, सांगू का?" नको म्हणाल्या तर मुलीला विचारा.

रानवारा (येऊर पायथा)
@सदाशिव_उलट, अल्फाचं प्रकरण कुठून आलं ते सांगतो. १९४७ मध्ये शेंकेल नावाच्या अभ्यासकाने बंदिस्त लांडग्यांवर निरीक्षणं लिहिली. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडल्यावर मारामाऱ्या होणारच, कोणी वर कोणी खाली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी तीच कल्पना लोकांपर्यंत नेली आणि मग स्वतःच रानातले कळप वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की बाबांनो, रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, सिंहासन वगैरे काही नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. तुमचा कुत्रा पट्टा ओढतो कारण पुढे विजेचा खांब आहे आणि त्यावर कालची बातमी आहे, राज्य बळकावायचं म्हणून नाही.

खाऊचंही, तो लाच म्हणून दाखवायचा नसतो. बरोबर केलं त्याच क्षणी, फार तर सेकंदभरात, खूण करायची (क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक् वाजणारी डबी, किंवा एखादा शब्द) आणि मग खाऊ. नेम चुकला तर भलतंच शिकतो.

टाचणी
क्लिकरबद्दल: तो धातूचा टक् आवाज मला दातात लागतो. मी खटक्याचं बॉलपेन वापरते. आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यांनाही तेच चाललं, आता सरही वापरतात.

ऐरोलीची_आई
थोडं अवांतर, माफ करा. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, प्राथमिक शाळेत आहे, फार बोलत नाही. सगळे सांगतात कुत्रा घ्या, मुलात फरक पडेल. घ्यावा का? आणि सोसायटीवाले आत्ताच म्हणतायत की कुत्र्याला लिफ्ट नाही.

रानवारा
लिफ्टचं: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची सूचना आहे, पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, प्रेमाने.

खग_खारघरी
@ऐरोलीची_आई, तो मी असतो तर कपाटात जाऊन बसलो असतो. आधी कोणाच्या तरी शांत, वयस्क कुत्र्याबरोबर त्याला थोडा थोडा वेळ घालवू द्या, आणि त्याला नको असेल तर तो विषय तिथेच सोडा. कुत्रा दहा-पंधरा वर्षांचा असतो, औषध म्हणून आणला आणि लागू नाही पडला तर दोघांचेही हाल.

टाचणी
+१. आणि घेतलात तर तो तुमचा कुत्रा म्हणून घ्या, फिरवणं-खाणं तुमच्याकडे. मुलाला वाटलं तर तो येईल त्याच्याजवळ.

उपवनकाठ (समुपदेशक)
उशिरा आले धाग्यावर. दोन-तीन गोष्टी.

ज्या दुःखाला समाज जागा देत नाही, रजा नाही, सुतक नाही, भेटायला कोणी येत नाही, अशा शोकावर अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक संपादित केलं. पाळीव प्राणी जाणं त्याचं ठळक उदाहरण. मांजरवालींना भाऊ जन्माला घालावा लागला तो त्यामुळेच. तेव्हा टाचणी, तू नुसती त्या घरी गेलीस आणि तो मृत्यू मृत्यूसारखा वागवलास तरी पुष्कळ झालं.

"आता राग येईल, मग स्वीकार येईल" असले शोकाचे पाच टप्पे कोणाला सांगू नकोस. मानसोपचारतज्ज्ञ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते लिहिले ते स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून ते वापरायचे नाहीत.

तुला ठरलेले शब्द हवेत ना, हे घे. दारात: "मी आले आहे." त्या रडत असतील तेव्हा: काही नाही, जवळ बस, पाण्याचा ग्लास हाताशी ठेव. डोळ्यांत बघायची गरज नाही, कुत्रीकडे बघ, सगळे तिच्याकडेच बघत असतात. मिठी नको असेल तर हातात कुत्रीचा टॉवेल धर, हात रिकामे नसले की लोक मिठी मारायला येत नाहीत (हे मी स्वतः वापरते!). "मी घाई केली का?" असं त्या विचारतीलच, सगळे विचारतात. "नाही हो" म्हणून उडवू नकोस. तुला जे दिसलं ते सांग: किती दिवस खाल्लं नव्हतं, उठता येत नव्हतं. तुझ्या नोंदी असतीलच.

आणि काठ कुठे आहे ते ओळख. आठवड्यांमागून आठवडे कोणी जेवत-झोपत नाही, किंवा "मलाही जायचंय तिच्यामागे" असं म्हणतं, तर ते तुझं काम नाही. त्यांच्या घरच्यांना सांग आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दे, चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीत बोलतात. तुझ्या सरांशीही हे ठरवून ठेव की असं झालं तर तू कोणाला फोन करायचा.

सदाशिव_उलट
लांडग्यांचं वाचलं. अल्फाबाबत तुमचं बरोबर असेलही. पण समुपदेशकबाई, टॉवेल धरून मिठ्या टाळायची युक्ती मला लग्नसमारंभात वापरता येईल का?

उपवनकाठ (समुपदेशक)
टॉवेल नको, अक्षतांचं ताट धरा.

कोपरीचा_बाळू
आज शनिवार ना? टाचणी, सगळं नीट होवो.

मी_मांजरवाली (बेलापूर)
हो, मीही सकाळपासून बघतेय धागा.

टाचणी
झालं. मी कालच लिहिणार होते पण घरी येऊन अंधार करून पडले होते.

डॉक्टर साडेअकराला येणार होते, ट्रॅफिकमुळे सव्वाबाराला आले. पाऊण तास सगळे नुसते बसलेले. मी पंखा एकवर करायला सांगितला कारण तो खडखडत होता, तर काकू म्हणाल्या, तिलाही तो आवाज आवडायचा नाही. मग त्या सांगत सुटल्या, दिवाळीत ती बाथरूममध्ये बादलीमागे कशी बसायची, आंब्याच्या कोयी कशा पळवायची. मी काही बोलले नाही, फक्त कोय कुठे लपवायची ते विचारलं. उशीच्या अभ्र्यात.

मी हात पुढे केला तर तिने हनुवटी टेकवली. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर तळहातावरचं वजन हळूहळू वाढत जातं. आधी ती स्वतः डोकं धरून असते, मग थोडं थोडं सोडते, आणि शेवटी सगळं डोकं हातात येतं. गरम असतं. मिशांचे केस मनगटाला टोचतात. मशीन लागलं तेव्हा मी बाहेर जाणार होते, पण हात काढावासा वाटला नाही. कानात बोळे घातलेलेच होते.

नंतर तो मोठा श्वास झाला, एकदाच. काकूंना आधी सांगितलं होतं (त्या "सांग" म्हणाल्या), त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत, मुलीला त्यांनीच सांगितलं.

मुलीने मला विचारलं, तिला कळलं का गं? मी म्हटलं, "डॉक्टरांनी पापणीला बोट लावलं तेव्हा पापणी हलली नाही. त्यानंतर दुसरं इंजेक्शन दिलं." थोड्या वेळाने तिने परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. जाताना जिन्यात पुन्हा विचारलं, आणि मी तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं. मला वाटलं कंटाळेल, पण ती म्हणाली, बाकी सगळे दर वेळी वेगळं काहीतरी सांगतायत, तू एकच सांगतेस, ते बरं वाटतंय.

शेजारच्या आजी प्रसाद घेऊन आल्या आणि "आता लहानसं पिल्लू आणा" म्हणाल्या. काकू म्हणाल्या, तुमच्या ह्यांच्या वेळी मी असं म्हटलं होतं का?

मला स्वतःला अजून काही वाटलेलं नाही. मला उशिरा कळतं, साधारण गुरुवारपर्यंत कळेल असा अंदाज आहे. गुरुवारी संध्याकाळी काही ठेवलेलं नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. काकूंनी किडनीच्या आजारातल्या खास खाण्याची पाकिटं, सलाईनच्या बाटल्या आणि गोळ्या माझ्याकडे दिल्यात, कोणाला तरी दे म्हणून. कोणाला देऊ? आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणीही दिलेलं नाही.

घोडबंदरकर
"तुमच्या ह्यांच्या वेळी" वाचून चहा सांडला. काकूंना साष्टांग.

मी_मांजरवाली (बेलापूर)
उशीच्या अभ्र्यात कोय. बाई गं.

रानवारा (येऊर पायथा)
पहिल्या प्रश्नाचं खरंच राहिलं. मी बॅच कधी केली नाही. एका ट्रेनरच्या मागे मागे घरोघरी गेलो, एका वेळी एक कुत्रा, आणि प्रत्येक सेशनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून रात्री हळू गतीत बघायचो. आपला हात कधी हलला आणि खूण कधी केली हे तिथे दिसतं, मैदानात दिसत नाही.

दुसरं, रस्त्यावरची कुत्री बघ. उपवनला तलावाच्या कठड्यावर सकाळी सहाला बस, गर्दी व्हायच्या आत. मागे तिथे एक लहान मुलगा हात पसरून एका पिवळ्या कुत्रीकडे धावत गेला. तिने आधी तोंड दुसरीकडे वळवलं, मग नाक चाटलं, मग जमीन हुंगायला लागली जशी काही तिथे फार महत्त्वाची वस्तू पडली होती. पोरगा आणखी जवळ गेला तेव्हा तिच्या डोळ्यांचं पांढरं दिसलं आणि ओठ मिटले. बाप लांबून ओरडत होता, "काही करत नाही ती!" तिने चार वेळा नको म्हणून सांगितलं होतं तोवर. मी पोराला हाक मारून बोलावलं, ती उठून निघून गेली. असलं एक सकाळी बघितलं की क्लासमधल्या महिन्याचं काम होतं.

आणि कोर्स निवडताना: आपल्याकडे ट्रेनर व्हायला लायसन्स लागत नाही, कोणीही बोर्ड लावतो. तेव्हा शिकवणाऱ्याला एवढंच विचार, कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता, आणि चुकलं तर काय करता. दुसऱ्या प्रश्नाला झटका, साखळी, लोळवणं असलं काही आलं की नमस्कार करून निघायचं.

खग_खारघरी
ऑनलाइन कोर्समध्ये लेखी साहित्य आणि रेकॉर्डिंग मिळतं का ते पैसे भरण्याआधी विचारून घे. आणि बॅचलाच जायचं असेल तर मैदानाच्या कडेला, कुंपणाशी उभं राहायची परवानगी माग. तू कुत्र्यांसाठी अंतर मोजतेसच, स्वतःचंही एका रकान्यात मांड.

टाचणी
@खग, हे सुचलंच नव्हतं. रकाना वाढवला.

डॉ_शेपटीवाले (नेरूळ)
पाकिटं आणि बाटल्या सील न फोडलेल्या, एक्स्पायरी न उलटलेल्या असतील तर माझ्याकडे आणून द्या, दोन पेशंट आहेत ज्यांना परवडत नाही. गोळ्या कोणाला परस्पर देऊ नका, दुसऱ्या कुत्र्याचे रिपोर्ट बघितल्याशिवाय नाही.

टाचणी
बुधवारी येऊ का? क्लिनिकमध्ये गर्दी कधी नसते?

डॉ_शेपटीवाले (नेरूळ)
या की. दुपारी दोन ते चार शांत असतं, पत्ता खासगी निरोपात (व्यनि) पाठवतो. बेल वाजवू नका, कर्कश आहे, दार ढकला. काउंटरवर एक बोका झोपलेला असेल, त्याच्यावर बॉलपेनचा प्रयोग करायचा असेल तर करा, आजवर त्याने कोणाचंच ऐकलेलं नाही.